सरळ रेषेतलं अंतर

‘‘आता किती राहिलं?’’ नाईकवडी साहेबांनी चौथ्यांदा विचारलं आणि मी चौथ्यांदा खोटं बोललो.

‘‘पाच-दहा मिनिटं, साहेब.’’

सकाळी साडेनऊला सुरू केलेली क्वेरी दुपारचे सव्वादोन झाले तरी चालूच होती. क्वेरी म्हणजे डेटाबेसला लिहून विचारलेला प्रश्न. माझा प्रश्न तसा सभ्य होता: जिल्ह्यातल्या कुठल्या शिक्षकाची बदली नियमाप्रमाणे कुठल्या शाळेत होते? पण आठ हजार शिक्षक, अठराशे शाळा आणि शासनाचे तेवीस पानी नियम यांचा विचार करता करता बिचाऱ्या सर्व्हरला घाम फुटला होता. त्याच्यावर टेबलफॅन लावलेला होता. साहेबांच्या केबिनमधला पंखा बिघडला तर दुरुस्तीला महिना लागायचा, पण सर्व्हरला शिपायाने पाच मिनिटांत पंखा आणून दिला. मी ते माझ्या विषयाबद्दलचा आदर म्हणून घेतलं.

याला आता चौदा वर्षं झाली. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो, पुण्याच्या एका कंपनीत होतो आणि मंद क्वेरी वेगवान करण्यात माझा हात धरणारा कुणी नाही असं माझं मत होतं. हे मत मी कुणी विचारलं नाही तरी सांगत असे. आमचे मालक गिरमे यांनी या जिल्हा परिषदेचं बदल्यांचं काम घेतलं आणि मला तिकडे पाठवून दिलं. काम नीट झालं तर शेजारचे चार जिल्हेही मिळणार होते आणि मी टीम लीडर होणार होतो.

त्याआधी बदल्या कशा व्हायच्या ते मला पहिल्याच दिवशी सगळ्यांनी आपापल्या परीने समजावून सांगितलं. कुणाचा मेहुणा कुठे होता, कुणी कुणाच्या घरी आंब्याची पेटी पोचवली, असं बरंच. आता मात्र सगळं कॉम्प्युटर ठरवणार होता. कॉम्प्युटरला मेहुणा नसतो, त्याला आंबे आवडत नाहीत, या एका गुणावर आठ हजार लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला होता. तो कॉम्प्युटर मी चालवतो, म्हणून थोडा विश्वास माझ्याही वाट्याला आला होता.

क्वेरी कुठे अडकते ते मला ठाऊक होतं. पती-पत्नी दोघंही शिक्षक असतील आणि त्यांच्या शाळा एकमेकांपासून तीस किलोमीटरहून लांब असतील, तर त्यांना जवळ आणायचं, असा एक नियम होता. तीसच्या आत असतील तर ते एकत्रच आहेत असं धरायचं. यासाठी शाळेपासून शाळेपर्यंतचं रस्त्याचं अंतर हवं होतं, आणि ते एकगठ्ठा कुणाकडेच नव्हतं. मग शिक्षण विभागातल्या सोनटक्के भाऊसाहेबांनी दोन वर्षं खपून एक टेबल तयार केलं होतं: या गावापासून पुढच्या गावापर्यंत इतके किलोमीटर, तिथून पुढच्या गावापर्यंत इतके. एसटीच्या डेपोत बसून, बांधकाम खात्याचे नकाशे मागून, फाट्याफाट्यावरच्या दुकानदारांना फोन करून त्यांनी हे तुकडे जमवले होते. माझी क्वेरी एकेका जोडप्यासाठी हे तुकडे एकमेकांना जोडत जोडत रस्ता शोधायची. थोडक्यात, ती पायी चालत होती.

त्या दिवशी यादी आली ती साडेतीनला. सहा तास. नाईकवडी साहेब शिक्षणाधिकारी होते, गृहस्थ शांत होते. ते एवढंच म्हणाले की सोमवारी मुख्य कार्यकारी अधिकारी मॅडम पत्रकारांसमोर स्वतः बटण दाबणार आहेत, आणि चहा संपायच्या आत यादी आली पाहिजे.

मी आजवर अनेक ठिकाणी अनेक प्रकारच्या मुदती पाहिल्या आहेत. चहात मोजलेली ती एकच.

पुढचे दोन दिवस मी जे येत होतं ते सगळं केलं. इंडेक्स घातले, म्हणजे डेटाबेसला प्रत्येक वेळी अख्खं रजिस्टर चाळायला न लावता खुणेचं पान दिलं. उलटसुलट लिहिलेल्या अटी सरळ केल्या. तेच ते मोजणं एकदाच करून ठेवलं. सहा तासांचे एक तास पन्नास मिनिटं झाले. कुठल्याही शहाण्या माणसाने इथे हात जोडून सांगितलं असतं की मॅडमनी बटण जेवणाआधी दाबावं आणि यादी जेवणानंतर घ्यावी. पण तसं सांगायला शहाणपण लागतं, आणि माझ्याकडे नुसती हुशारी होती.

शनिवारी सकाळी माझ्या डोक्यात वीज चमकली. प्रत्येक शाळेचे अक्षांश-रेखांश आमच्याकडे होतेच. दोन बिंदू घ्यायचे, सूत्रात घालायचे, सरळ रेषेतलं अंतर काढायचं. रस्ते काही सरळ नसतात हे मलाही कळत होतं, म्हणून घाटाची वळणं धरून त्याला दीडने गुणलं. हा दीड कुठून आला, असं मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काहीतरी भारदस्त सांगितलं असतं. सोनटक्क्यांचं टेबल क्वेरीतून काढून टाकलं, त्या जागी एक ओळ लिहिली, आणि यादी तीन मिनिटं चाळीस सेकंदांत आली.

तपासणीही केली. अगदीच काही बेजबाबदार नव्हतो. जिल्ह्याच्या गावाजवळची तीन जोडपी घेतली. एकाचं जुनं अंतर बारा, माझं साडेअकरा. दुसऱ्याचं एकोणीस, माझं वीस. तिसरं तर तंतोतंत. मी खुर्चीतच स्वतःशी हसलो. सोनटक्के भाऊसाहेब मागे उभे होते. ते दबकत म्हणाले की एकदा पश्चिमेकडची, धरणाच्या अंगाची चार नावं घालून बघितली तर बरं. मी त्यांना सांगितलं की गणित पूर्वेला आणि पश्चिमेला वेगळं नसतं. या वाक्यावर मी तेव्हा खूश होतो.

सोमवारी मॅडमनी बटण दाबलं. चहा यायच्या आधीच यादी पडद्यावर आली, त्यामुळे चहासाठी सगळ्यांना थांबावं लागलं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मॅडम, साहेब आणि अर्धा मी असा फोटो छापून आला. गिरमे सरांनी फोन करून ‘वाघ आहेस’ म्हणून सांगितलं.

यादीवर हरकती आल्या एकशे बारा. त्यांची सुनावणी सभागृहात ठेवली होती. तीनेकशे शिक्षक, मागे दोन-तीन पत्रकार, व्यासपीठावर साहेब, शेजारी मी लॅपटॉप घेऊन. बहुतेक हरकती होत्या त्या आपल्यापेक्षा दुसऱ्याला बरी शाळा कशी मिळाली याबद्दलच्या. साहेब प्रत्येकाला तीन मिनिटं देत आणि चौथ्या मिनिटाला पाणी पीत. ते पाणी प्यायले की माणसाने खाली बसायचं, हे लोकांना आपोआप कळलं होतं.

एकोणचाळिसाव्या क्रमांकाला उज्ज्वला ढमाले उठल्या. तिशीतल्या, सडपातळ, हातात प्लॅस्टिकची फाइल. त्या धरणाच्या अलीकडच्या काठावर कुसरवाडीच्या शाळेत होत्या. त्यांचे यजमान विलास ढमाले पलीकडच्या काठावर दाभेखिंडीला शिक्षक. सहा वर्षांची मुलगी वडिलांजवळ, कारण आजी तिथे होती. उज्ज्वलाबाई शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर निघायच्या, दोन एसटी बदलून धरणाला वळसा घालून रात्री पोचायच्या आणि रविवारी जेवून परत फिरायच्या. असं पाच वर्षं चाललं होतं. या वर्षी सेवाज्येष्ठतेने त्यांचा नंबर जोडप्यांच्या यादीत पहिल्या दहात होता, आणि दाभेखिंडीजवळ दोन जागा रिकाम्या होत्या.

‘‘माझ्या नावापुढे ‘एकत्रच आहेत’ असं आलंय, सर. अंतर सहा किलोमीटर लिहिलंय. अंतर अडुसष्ट आहे. हा डेपो मॅनेजरचा दाखला.’’

साहेबांनी दाखला हातात घेतला, उलटा करून बघितला, परत दिला. म्हणाले की परिपत्रकाप्रमाणे अंतर प्रणालीतलंच ग्राह्य धरायचं आहे.

‘‘मग प्रणालीला पोहता येत असेल, सर. मला येत नाही.’’

सभागृह हसलं. मीही हसणार होतो, तेवढ्यात मला पडद्यावरचा नकाशा दिसला. कुसरवाडी इथे, दाभेखिंड तिथे, मध्ये चार किलोमीटर निळा रंग. चार गुणिले दीड, सहा.  सूत्राने पाण्यावरून सरळ रेघ मारली होती, आणि रेघेला ओलं व्हायचं काही कारण नव्हतं.

साहेब माझ्याकडे वळले. माइक चालू होता.

‘‘परचुरे, अंतर कसं काढलंय?’’

इतकी वर्षं झाली तरी तो क्षण मला नीट आठवतो. मला फार विचार करायला वेळ मिळाला नाही असं मी बायकोला एकदा सांगितलं होतं. ते खरं नाही. भरपूर वेळ होता. माझ्या डोळ्यांसमोर पेपरातला अर्धा मी आला, चार जिल्हे आले, गिरमे सर आले. तीनशे मास्तर आपल्याला हसतील याची मला भीती वाटली. बाकी काही नाही, निव्वळ भीती.

‘‘नियमाप्रमाणे, साहेब,’’ मी म्हणालो.

साहेबांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग पाणी प्यायले. पण उज्ज्वलाबाई बसल्या नाहीत. त्या उभ्याच राहिल्या, नुसत्या. पाचेक मिनिटांनी साहेब म्हणाले की ठीक आहे, स्थळपाहणी करू. सरकारी माणसाला नाही म्हणायचं नसतं आणि हो म्हणता येत नाही, तेव्हा तो स्थळपाहणी करतो.

त्याच दुपारी मी दार लावून जुनी क्वेरी पुन्हा चालवली, सोनटक्क्यांच्या तुकड्यांसकट. एक तास पन्नास मिनिटं. मग दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली. हे मी शनिवारी करायला हवं होतं; क्वेरीचा वेग वाढवल्यावर उत्तर पूर्वीचंच येतंय ना ते बघणं, हे आमच्या धंद्यात नवशिक्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात. तेवीस जोडप्यांचं उत्तर बदललं होतं. सगळी धरणाच्या नाहीतर कड्याच्या अंगाची. मी ती यादी छापली, घडी करून खिशात ठेवली, आणि योग्य वेळी साहेबांना दाखवू असं ठरवलं. योग्य वेळ म्हणजे काय हे मात्र ठरवलं नाही.

गुरुवारी आम्ही जीपने कुसरवाडीला गेलो. साहेब, सोनटक्के आणि मी. उज्ज्वलाबाई काठावर उभ्या होत्या. शाळेला मधली सुट्टी झाली होती. पाणी इतकं शांत आणि रुंद होतं की माझ्या दीडपटीने मला तिथेच तोंडात मारल्यासारखं झालं. पलीकडे एक पांढरी इमारत स्पष्ट दिसत होती.

‘‘तीच शाळा का?’’ साहेबांनी विचारलं.

‘‘तीच,’’ सोनटक्के म्हणाले.

‘‘मग लिहा. शाळा नजरेच्या टप्प्यात आहे.’’

सोनटक्क्यांनी लिहिलं. लिहिताना त्यांचा चेहरा असा होता की मी पाण्याकडे बघायला लागलो.

उज्ज्वलाबाईंनी फोन लावला. त्या टेकाडावर तेवढी रेंज मिळायची. दोन मिनिटांत पलीकडच्या काठावर एक मोठा ठिपका आणि एक छोटा ठिपका येऊन उभे राहिले. ‘‘ती हात हलवतेय,’’ फोन कानाला लावून बाई म्हणाल्या. बाईंनीही हलवला. मग त्या माझ्याकडे आल्या.

‘‘सर, अंतर तुम्हीच मोजलंय ना?’’

मी मान हलवली.

‘‘सहा किलोमीटर म्हणजे चालत दीड तास. सानिका चालते चांगली. तिला तेवढा रस्ता सांगा. मी थांबते इथं.’’ आणि त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

त्यांच्या आवाजात चेष्टा असती तर बरं झालं असतं. मी फोन कानाला लावला. आवाज अगदी स्वच्छ येत होता, शेजारच्या खोलीतून यावा तसा.

‘‘काका, कुठून येऊ?’’ पोरीने विचारलं.

मी साहेबांकडे बघितलं. सोनटक्क्यांकडे बघितलं. खिशातली घडी छातीला टोचत होती. पोरगी पुन्हा म्हणाली, ‘‘काका?’’

‘‘आवाज येत नाहीये,’’ मी म्हणालो आणि फोन बाईंना परत दिला.

बाईंनी फोन कानाला लावला. त्यांना आवाज आला. त्या मुलीशी दोन वाक्यं बोलल्या, डबा खाल्लास का वगैरे, आणि फोन बंद करून शाळेकडे निघून गेल्या. घंटा झाली होती.

परतताना घाट उतरून जीप सपाटीला लागल्यावर माझं अंतःकरण जागं झालं. मी खिशातून कागद काढला आणि पुढच्या सीटवरच्या साहेबांना सगळं सांगितलं. सूत्र, दीड, तेवीस जोडपी.  आपण फार मोठं धाडस करतोय असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याबद्दल थोडं कौतुक होईल अशी आशाही होती.

साहेबांनी कागद वाचला, घडी घातली.

‘‘परचुरे, त्या दाभेखिंडीला मी तीन वर्षं गुरुजी होतो. तेव्हा धरणातून लाँच चालायची. ती बंद झाली, त्याला नऊ वर्षं झाली.’’

‘‘म्हणजे तुम्हाला माहीत होतं?’’

‘‘जिल्ह्यातल्या म्हशींनाही माहीत आहे. मी तुम्हाला सभागृहात विचारलं, माइक चालू ठेवून. तीनशे माणसांसमोर तुम्ही चूक झाली म्हणाला असता, तर तिथल्या तिथं यादी मागे घेता आली असती मला. पत्रकार होते, मॅडमसुद्धा काही बोलल्या नसत्या. माझ्या तोंडून निघालं तर मी यादी पाडली, आणि मग चौकशी माझी. तुमच्या तोंडून निघालं असतं तर मशीनची दुरुस्ती झाली असती.’’

‘‘मी आता सांगतोय ना, साहेब.’’

‘‘आता जीपमध्ये सांगताय. जीपमध्ये कोण काय बोललं ते फायलीला लागत नाही. ज्यांची हरकत नव्हती त्यांचे आदेश काल संध्याकाळी निघाले. निम्मे लोक हजर झालेत नव्या शाळेवर. आता एक वीट काढली तर सगळे कोर्टात जातील.’’ त्यांनी कागद मला परत दिला. ‘‘हा तुमच्याकडे ठेवा. माझ्याकडे नको.’’

मागच्या सीटवरून सोनटक्क्यांनी मला विचारलं.

‘‘माझं टेबल काढून टाकलं म्हणजे पुसलं का, साहेब?’’

‘‘नाही, नाही. आहे तसंच. फक्त वापरलं नाही,’’ मी म्हणालो.

‘‘मग ठीक आहे,’’ ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

दोन दिवसांनी हरकती निकाली काढण्यासाठी एक कागद माझ्यापुढे आला. ‘प्रणालीतील अंतरांची तांत्रिक पडताळणी केली असता ती योग्य आढळून आली.’ खाली रेघ आणि माझं नाव. गिरमे सरांचा फोन येऊन गेलाच होता; त्यांनी समजावलं की आपण अंतर चुकवलं नाही, आपण फक्त ते वेगळ्या पद्धतीने परिभाषित केलं. मी सही केली. नुसती नव्हे, चांगली लफ्फेदार केली.

उज्ज्वलाबाई निकालाची प्रत घ्यायला पुढच्या आठवड्यात आल्या. त्या दिवशी सोनटक्के रजेवर होते, त्यामुळे प्रती द्यायचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं. ‘हरकत अमान्य. पुढील फेरी तीन वर्षांनी.’ मग पान उलटून माझा दाखला वाचला, आणि माझी सही बघितली.

‘‘परचुरे म्हणजे तुम्हीच ना?’’

‘‘हो.’’

‘‘त्या दिवशी फोनवर तुम्हाला आवाज येत होता, सर. ती मला म्हणाली, काका श्वास घेत होते.’’

 मला रडू आलं असतं तर तेवढं तरी बरं दिसलं असतं, पण ते आलं नाही. बाईंना माझ्या उत्तराची गरज नव्हती. त्यांनी कागद फाइलमध्ये घातला, प्लॅस्टिकचं बटण दाबून ती बंद केली.

‘‘अजून एक प्रत मिळेल का? ह्यांना त्यांच्या बाजूनं अपील करायचंय. मूळ सहीचीच लागते. आज टाकली तर पलीकडे पोचायला पोस्टाला चार दिवस लागतात.’’

मी दुसरी प्रत छापली. तिच्यावर सही नव्हती. मी पेन काढलं आणि सही करून त्यांच्या हातात दिली.